माकडहाड मोडलं, तीन महिने उलटले, तरी बसवत नाही? उपचार कोणत्या क्रमाने करायचे

उन्हाळा लागला की नागपुरात माकडहाडावर आपटणारी माणसं वाढतात. कूलरची टाकी भरताना फरशीवर सांडलेलं पाणी, खाली गुळगुळीत टाइल्स, आणि दुपारच्या झोपेतून अर्धवट उठून माठाकडे निघालेलं कुणीतरी. पावसाळ्यात शेवाळलेला जिना हेच काम करतो. गाडी घसरणं तर बारमाही. पडल्यावर काही आठवडे दुखणार हे सगळे गृहीत धरतात, आणि ते बरोबरही आहे. माकडहाडाला प्लास्टर घालता येत नाही. ते साधारण ६ ते १२ आठवड्यांत आपलं आपण जुळतं आणि बहुतेकांचा विषय तिथे संपतो. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. पडून तीन महिने झाले, तरी खुर्चीत दहा मिनिटांच्या वर बसवत नाही, उठताना कळ येते, आणि घरचे आता ‘तुझं नेहमीचंच आहे’ म्हणू लागलेत, अशांसाठी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या दुखण्याचे लोक आमच्याकडे फार उशिरा येतात, कारण जागा अवघड. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास कितीतरी जास्त होतो आणि त्याच तो जास्त लपवतात. आल्यावर पिशवीतून एक्स-रेचा फोटो निघतो, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो : “म्याडम, फोटो नॉर्मल आला म्हणतात, मग हे दुखून काहून राह्यलं?”

या प्रश्नाचं उत्तर पुढे देते. त्याआधी एक गोष्ट.

ही लक्षणं असतील तर लेख बाजूला ठेवा

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडकणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायात ताकद न राहणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

ताप, माकडहाडावर लाल गरम सूज, तिथून पू किंवा पाणी येणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, बसण्या-उठण्याशी संबंध नसलेलं आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कुठलाही कर्करोग झालेला असणं : इथे दुखण्याचं मूळ फ्रॅक्चरपेक्षा वेगळं असू शकतं. दोन ढुंगणांच्या फटीत केसांची गाठ होऊन पिकते, ती पुष्कळदा ‘माकडहाड दुखतं’ म्हणूनच येते. ती सर्जनने बघायची असते, उशीने बरी होत नाही. आरशात दिसत नाही ती जागा. घरातल्या कुणाला तरी एकदा बघायला सांगा, किंवा मोबाइलने फोटो काढून स्वतः बघा. लाजायचं काही कारण नाही.

हाड जुळलं असेल, मग दुखतं काय?

माकडहाड म्हणजे कण्याच्या शेवटी, पुढच्या बाजूला वळलेला ३ ते ५ छोट्या मणक्यांचा तुकडा. वर ते त्रिकास्थीला, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला, जोडलेलं असतं आणि हा सांधा थोडा हलतो. आपण बसतो तेव्हा माकडहाड काही अंश वाकतं, उठलो की जागेवर येतं. हे हलणं साधारण ५ ते २५ अंशांपर्यंत असेल तर ठीक.

जोरात आपटल्यावर या सांध्याची बांधणी ढिली पडू शकते. मग बसल्यावर हाड २५ अंशांहून जास्त वाकतं, किंवा मागे सरकून जागा सोडतं. उभं राहिलं की परत बसतं. कळ येते ती या येण्या-जाण्यात, म्हणून उठताना सगळ्यात जास्त दुखतं. काहींचं उलट होतं : हाड वाकड्या कोनात जुळून ताठ होतं आणि त्याचं टोक खुर्चीला टोचत राहतं. बारीक अंगाच्या लोकांत टोकाला हाडाचा बारीक काटा असू शकतो. तिथे कातडीवर कधी छोटा खळगाही दिसतो. वजन जास्त असलेल्यांत हाड मागे सरकण्याचा प्रकार जास्त. आणि ज्यांचं वजन थोड्या काळात खूप उतरलंय, त्यांची खालची नैसर्गिक गादीच गेलेली असते.

याशिवाय स्नायू. ओटीपोटाच्या तळाला, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. महिनोन्महिने दुखण्याच्या धास्तीने माणूस ती आवळून बसतो, त्याला कळतही नाही. हाड जुळतं, आवळणं सुटत नाही. हे स्नायू माकडहाडालाच चिकटलेले, त्यामुळे ते हाडाला सतत ओढत राहतात.

तेव्हा तीन महिन्यांनंतर ‘अजून हाड जुळलं नसेल, थोडी वाट बघू’ हा विचार बहुतेकांच्या बाबतीत कामाचा नाही. नुसती वाट बघून ढिला सांधा घट्ट होत नाही आणि आवळलेला स्नायू सुटत नाही. त्याच न्यायाने ‘हाड सरकलंय, बसवून देतो’ म्हणणाऱ्या हाडवैद्याकडे जाऊ नका. बाहेरून अंगठ्याने रगडून माकडहाड जागेवर येत नाही. दुखऱ्या जागी जोराची मालिश केल्यावर आठवडाभर पालथं पडून राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

पायरी पहिली : बसणं बदला

सगळ्यात स्वस्त उपचार हा, आणि सगळ्यात अर्धवट केला जातो तोही हाच. म्हणून इथे जरा सविस्तर.

मेडिकलच्या दुकानात ‘माकडहाडाची उशी द्या’ म्हटलं की बरेचदा गोल, मध्ये भोक असलेली हवेची उशी हातात पडते. ती मुळव्याधीच्या किंवा टाके पडलेल्या लोकांना बरी पडते. माकडहाडासाठी मला ती पटत नाही : माकडहाड नेमकं रिंगणाच्या मागच्या कडेवर येऊन टेकतं, आणि मधला भाग खाली ओढला जातो तो वेगळाच. आपल्याला हवी ती मागच्या बाजूने उघडी, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी कापलेली उशी. मागून पुढे किंचित उतार असेल तर आणखी चांगली, म्हणजे वजन आपोआप मांड्यांवर जातं.

तयार उशी महाग वाटत असेल तर गादी-फोमच्या दुकानातून ३ इंच जाडीचा, कडक प्रतीचा फोमचा तुकडा आणा. खुर्चीच्या मापाचा, १८ बाय १६ इंच पुरतो. मागच्या कडेच्या मधोमध ४ इंच रुंद आणि ५-६ इंच खोल खाच कापून घ्या. दुकानदारच कापून देतो. मऊ फोम घेऊ नका. हाताला छान लागतो, पण माणूस बसलं की पापडासारखा चपटा होतो आणि माकडहाड परत खुर्चीला टेकतं. उशी बरोबर आहे की नाही हे ओळखायला तिच्यावर बसा आणि मागून खाचेत बोटं घाला. माकडहाडाखाली बोटं मोकळी फिरली पाहिजेत. फिरत नसतील तर खाच अजून खोल करा किंवा फोम बदला. आज रात्रीपुरती सोय हवी असेल तर दोन टॉवेल घट्ट गुंडाळा, एकेक मांडीखाली पुढून मागे लांब ठेवा आणि मधली जागा मोकळी सोडा.

उशी आणली म्हणजे झालं नाही. तिच्यावर मागे रेलून, घसरगुंडी करून बसलात तर सगळं वजन पुन्हा माकडहाडावर. कंबर खुर्चीच्या पाठीला नेऊन टेकवायची, धड कमरेतून किंचित पुढे झुकवायचं, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकवायचे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. सोफा हा या दुखण्याचा मोठा शत्रू. मऊ सोफ्यात बूड खोल जातं आणि माणूस आपोआप मागे रेलतो. टीव्ही बघायचा तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून घ्या, किंवा कुशीवर आडवे पडा.

उठण्याचीही पद्धत आहे. आधी खुर्चीच्या कडेला सरका, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या, छाती पुढे आणा, वजन तळव्यांवर आलं की मग उठा. सरळ वर उठायला गेलात तर शेवटचा धक्का माकडहाडाला बसतो. आठवडाभर मुद्दाम केलं की सवय लागते.

किती वेळ बसायचं? दुखायला लागण्याच्या आधी उठायचं, एवढंच. दहाव्या मिनिटाला कळ सुरू होत असेल तर आठव्या मिनिटाला उभे राहा, मिनिटभर चाला, परत बसा. कळ आल्यावर उठणं म्हणजे सांधा डिवचून झाल्यावर उठणं. बँकेत, शाळेत, दुकानाच्या गल्ल्यावर काम करणाऱ्यांना हे अवघड जातं हे मला माहीत आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या की सलग बसवू नये. उंच टेबल किंवा लाकडी खोका ठेवून काही काम उभ्याने करता येतं का ते बघा. गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदारांना तर मी उंच स्टूलच सुचवते, ज्यावर अर्धवट टेकून, पाय जमिनीवर ठेवून राहता येतं.

जमिनीवर मांडी घालून बसताना कमरेचा कणा मागे कलंडतो आणि माकडहाड थेट फरशीवर येतं. पंगत, पारायण, सत्यनारायण : बरं वाटेपर्यंत खुर्ची मागून घ्यायची. कुणी काही म्हणत नाही, आणि म्हटलं तरी एकदाच म्हणतं. गुडघे चांगले असतील तर वज्रासन चालतं, कारण तिथे वजन टाचांवर येतं.

गाडीचं काय? स्कूटीवर स्पीडब्रेकरचा प्रत्येक धक्का सरळ खालून येतो, आणि सीटवर सुटी उशी ठेवून चालवणं धोक्याचं. शक्य असेल तिथे काही आठवडे मेट्रो धरा. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत उभ्याने प्रवास होतो, सीताबर्डीला गाडी बदलता येते. ई-रिक्षापेक्षा हे केव्हाही बरं. एसटीत मागची बाक टाळा, दोन चाकांच्या मधल्या भागात बसा. मुंबईला जायचं असेल तर समृद्धीवरून कारने जाण्याचा मोह आवरा. रस्ता छान आहे, पण हवं तिथे गाडी थांबवता येत नाही, आणि तुम्हाला तर दर अर्ध्या तासाला उतरायचं असतं. विदर्भ एक्सप्रेसची खालची बर्थ, कुशीवर झोपून. सकाळी दुखणं वाढलेलं नसतं.

झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. पाठीवर झोपायची सवय असेल तर गुडघ्यांखाली जाड उशी घ्या.

याच्या जोडीला पोट

मळ खडा झाला की तो माकडहाडाच्या अगदी पुढून, त्याला ढकलत बाहेर पडतो. वर कुंथण्याचा जोर. दुखणं जाऊ न देण्यात बद्धकोष्ठाचा हात मोठा असतो, आणि ओपीडीच्या घाईत त्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

पाणी भरपूर, विशेषतः आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात. ज्वारीची भाकर, पालेभाज्या, आणि संत्र्याचा हंगाम असेल तर संत्र्याचा रस न काढता फोडी त्यांच्या पातळ पापुद्र्यासकट खा. रात्री एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यात. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट घट्ट करतो. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजचं सिरप. सावजीबद्दल मी फार बोलणार नाही, कारण ऐकणारं कुणी नसतं. पण दुसऱ्या दिवशी आग होते, माणूस आवळून बसतो, आणि ज्या स्नायूंना आपण सैल करायला बघतोय तेच पुन्हा कडक होतात. महिनाभर तर्री बेताने.

कमोड असेल तर पायाखाली अर्धा फूट उंचीचा पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि कुंथावं लागत नाही. देशी संडासात ही ठेवण आपोआप मिळते. गुडघे साथ देत असतील तर तोच वापरा. मोबाइल घेऊन आत जायचं नाही. पाच मिनिटांत झालं नाही तर उठून यायचं.

आणखी एक. पडल्यावर घरच्या घरी सुरू केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, आणि ट्रॅमाडॉलसारखी कडक वेदनाशामकं पोट बांधून ठेवतात. घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा.

गोळ्या आणि शेक

पॅरासिटामॉल लिहून दिलेल्या मात्रेत घ्यायला हरकत नसते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गोळ्या सूज उतरवतात, पण महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेण्याच्या नाहीत. पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना हा धोका वाढतो. बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करण्याची गोळी यातलं काही असेल तर विचारल्याशिवाय एकही नको. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत या गोळ्या बंद. जळजळ, करंट लागल्यासारखं दुखणं असेल तर डॉक्टर नसांच्या वेदनेच्या गोळ्या देतात. त्या हळूहळू वाढवायच्या आणि हळूहळूच बंद करायच्या असतात.

तीन महिन्यांनंतर बर्फापेक्षा शेकाचा उपयोग जास्त, कारण आता प्रश्न आवळलेल्या स्नायूंचा आहे. टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा. टबाच्या तळाला माकडहाड टेकत असेल तर खाली घडी घातलेला टॉवेल घ्या. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी तापवावंही लागत नाही, पण आधी हाताने बघा, मधुमेहींनी तर कुणाकडून तरी बघून घ्या.

साठीच्या पुढच्या बाईचं हाड साध्या घसरण्याने मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे डेक्सा तपासणीने बघावं. ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक घ्यायची साठ हजारांची पुडी ठरावीक आठवड्यांसाठीच असते. बरं वाटतं म्हणून वर्षभर घेत राहू नका.

पायरी पुढची : फोटो बसून काढा

आता त्या ‘नॉर्मल’ फोटोकडे. दुखतं बसल्यावर, आणि एक्स-रे काढतात झोपवून. ढिला सांधा झोपलेल्या माणसात जागेवर असतो. समोरून काढलेल्या फोटोत तर माकडहाड नीट दिसतच नाही.

उशी, बसण्याची पद्धत आणि पोट हे तिन्ही नेटाने ४ ते ६ आठवडे करून फरक पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन बाजूने काढलेले दोन एक्स-रे मागा : एक उभ्याने, एक बसून. क्रम महत्त्वाचा. आधी उभ्याचा, आणि त्याच्या आधी पाच-दहा मिनिटं बसायचं नाही, म्हणजे हाड मूळ जागी आलेलं असतं. मग कडक स्टुलावर, ज्या अवस्थेत सगळ्यात जास्त दुखतं तशाच बसायचं, थोडं मागे झुकून, कळ येईपर्यंत. आणि त्या क्षणी दुसरा. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले की हाड किती अंश वाकलं, मागे सरकलं का, टोकाला काटा आहे का, हे दिसतं. एक्स-रे काढणाऱ्याला ही पद्धत माहीत नसेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘बाजूने, उभ्याने आणि दुखेपर्यंत बसवून’ असं स्पष्ट लिहून घ्या. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर आधी सांगा.

एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. सांध्याभोवतीची सूज, गाठ, जंतुसंसर्ग यांची शंका असेल, किंवा एक्स-रेतून काहीच हाती लागलं नाही, तर तो कामाचा. मात्र कमरेचा एमआरआय बरेचदा माकडहाडाच्या वरच संपतो. ‘माकडहाडासह’ असं लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

तपासणीत डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून माकडहाड पुढून-मागून धरून हलवून बघतात. ऐकूनच लोक पळतात, पण मिनिटाभराची ही तपासणी फार काही सांगून जाते : हाड हलतं का, कुठे दुखतं, आतले स्नायू किती कडक आहेत. बाई डॉक्टर मागण्याचा, सोबत नर्स किंवा घरचं माणूस ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नागपुरात अस्थिरोग विभागासाठी मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स आहे. खासगी दवाखाने धंतोली-रामदासपेठेत एकाला लागून एक. कुठेही जा, सोबत जुने सगळे फोटो आणि एक कागद न्या. त्यावर लिहा : कधी, कसे पडलात, किती मिनिटं बसवतं, उठताना दुखतं का, शौचाच्या वेळी दुखतं का, कुठल्या गोळ्यांनी किती फरक पडला. ओपीडीत तुमच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात, आणि रांगेत उभं राहून-राहून माणूस निम्मं विसरतं.

व्यायाम : सैल करायचं, आवळायचं नाही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. बाळंतपणानंतर सांगतात ते ओटीपोट आवळायचे व्यायाम, किंवा योगवर्गातली अश्विनी मुद्रा आणि मूलबंध, लोक याही दुखण्यात करतात. तळाचे स्नायू आधीच कडक असतील तर त्याने दुखणं वाढतं. आपल्याला नेमकं उलट शिकायचंय.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय गादीवर. एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी खालचा भाग, लघवी सोडताना होतो तसा, सैल सोडा. जोर लावून ढकलायचं नाही. श्वास सोडताना काहीच करायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात काही कळत नाही, मग एक दिवस जाणवतं की आपण दिवसभर किती आवळून होतो.

त्यानंतर बालासन, गुडघ्यांत थोडं अंतर ठेवून, अर्धा मिनिट. मग पाठीवर झोपून एक गुडघा छातीशी, नंतर दुसरा. दोन्ही एकदम घेऊन गोल फिरू नका, माकडहाड घासतं. मग एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी जवळ ओढायची, ढुंगणात ताण येईपर्यंत. चार पायांवर येऊन मार्जारासन हळू. दोन-तीन आठवड्यांनी हे निवांत जमू लागलं की सेतुबंधासारखं कंबर उचलायला हरकत नाही. नौकासन, पोटासाठीचे सिट-अप्स, सायकल आणि जिममधला रोइंग हे सगळं लांबणीवर. चालणं मात्र रोज. अंबाझरीला किंवा फुटाळ्याला सकाळी जा, फक्त तिथल्या सिमेंटच्या कट्ट्यावर गप्पा मारायला बसू नका.

एवढं करून महिना-दोन महिन्यांत दुखणं अडूनच राहिलं तर ओटीपोटाच्या स्नायूंचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओ शोधा. सगळे फिजिओ हे काम करत नाहीत, फोनवरच विचारा. हातमोजा घालून गुदद्वारातून आतले स्नायू दाबून सैल करणं आणि ताठ झालेला सांधा हलका हलवणं, असे थोडे सत्र लागतात. तुमच्या होकाराशिवाय कुणी हे करू नये, आणि मध्येच थांबवायला सांगितलं तर थांबायलाच हवं.

इंजेक्शन कुणाला, कधी

वरचं सगळं मनापासून करून दोन-तीन महिने झाले तर पुढचा दरवाजा पेन क्लिनिकचा. तिथे बहुधा भूलतज्ज्ञ असतात. एक प्रकार म्हणजे दुखऱ्या सांध्यात किंवा भोवती भूल आणि स्टेरॉइड. दुसरा म्हणजे माकडहाडाच्या पुढे नसांची जी एकच गाठ असते, तिला भूल देणं. दोन्ही एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत केले तर सुई नेमकी जागी जाते; नुसत्या अंदाजाने टोचून घेऊ नका.

इंजेक्शनने रोगनिदानही होतं. भूल उतरेपर्यंतच्या काही तासांत तुम्ही आरामात बसू शकलात, तर दुखण्याचं उगमस्थान तेच आहे हे पक्कं. म्हणून त्या दिवशी घरी जाऊन झोपू नका. खुर्चीत बसून बघा आणि किती फरक पडला ते लिहून ठेवा. काहीच फरक पडला नाही, तर कंबर, खुबा किंवा आतले अवयव पुन्हा तपासायला हवेत. फरक कुणाला काही आठवडे टिकतो, कुणाला कायमचा. त्या काळात व्यायाम सोडायचे नाहीत, उलट तीच त्यांची वेळ. मधुमेहींची साखर स्टेरॉइडनंतर काही दिवस चढते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं लागतं. फायदा झाला पण टिकला नाही, तर त्या नसांच्या गाठीवर रेडिओफ्रिक्वेन्सीची, म्हणजे उष्णतेने नस बधिर करण्याची, प्रक्रिया करता येते.

शस्त्रक्रिया

माकडहाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि नीट निवडलेल्या रुग्णांना तिचा चांगला फायदा होतो. मात्र निदान सहा महिने बाकीचे उपाय करून झाल्याशिवाय तिचा विषय काढू नये. दहातले नऊ लोक त्याआधीच बरे होतात. फायदा कुणाला? बसून काढलेल्या फोटोत सांधा ठळकपणे ढिला दिसतो किंवा टोकाला काटा आहे, आणि इंजेक्शनने तात्पुरता का होईना आराम पडला होता, त्यांना. दुखणं सगळ्या कमरेत पसरलेलं आहे आणि फोटोत काही नाही, अशांनी घाई करू नये.

मोठी अडचण जखमेची. चीर गुदद्वारापासून बोटभर अंतरावर असते, त्यामुळे जंतुसंसर्ग इतर हाडांच्या शस्त्रक्रियांपेक्षा जास्त होतो. काही आठवडे कुशीवर किंवा पालथं झोपायचं, बसायचं जवळजवळ नाही, प्रत्येक शौचानंतर जागा धुऊन कोरडी करायची. मे महिन्याच्या घामात हे फार कठीण जातं. तातडी नसेल तर हिवाळा निवडा. पूर्ण आराम पडायला काही महिने, कधी वर्षही लागतं. तंबाखू आणि विडी-सिगारेट महिनाभर आधी बंद, नाहीतर जखम भरत नाही.

सर्जनला विचारायचे प्रश्न लिहून न्या : ही शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आहे, पूर्ण हाड काढणार की ढिला भाग, जखम चिघळली तर पुढे काय, कामावर कधी जाता येईल. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि ती खाच कापलेली उशी माळ्यावर टाकू नका. शस्त्रक्रियेनंतर बसायला परवानगी मिळाली की पहिले दोन-तीन महिने तीच लागते.